अर्धा श्लोक



यंदाच्या जयंतीच्या आदल्या रात्री आमच्या वस्तीत सभा होती. वक्त्यांत माझं नाव होतं. त्या दिवशी माझ्या पाळीचा दुसरा दिवस. दुपारपासून तीन गोळ्या पोटात गेलेल्या. साडीच्या आत दोन पॅड आणि वर जुन्या चादरीची घडी. ओला कपडा पिळावा तसं कंबरेपासून गुडघ्यापर्यंत आतून पिळत होतं. स्टेजच्या मागं ट्रॉलीला धरून मी ओकले, चूळ भरली आणि वर चढले. बारा मिनिटं बोलले. काय बोलले ते आठवत नाही.

सूत्रसंचालन करणारा आपलाच तरुण कार्यकर्ता. चांगला पोरगा. त्यानं माईक घेतला आणि म्हणाला, "ताईंची तब्येत बरी नाही, तरी ताई आल्या. रमाईची लेक अशीच असते. दुखणं गिळते, पण चळवळ सोडत नाही." टाळ्या वाजल्या. माझ्या नवऱ्यानं वाजवल्या. पुढच्या रांगेत माझी पोरगी बसली होती, अकरा वर्षांची. तिनंही वाजवल्या.

त्या टाळ्यांना माझी हरकत आहे. हे लिहितेय ते त्या टाळ्यांविरुद्ध लिहितेय. कुणाला झोंबलं तर झोंबू द्या.

मला जो आजार आहे त्याचं नाव एंडोमेट्रिऑसिस. नाव अवघड आहे म्हणून तोंड फिरवू नका. 'ॲट्रॉसिटी' हा शब्दही आपल्या म्हाताऱ्या माणसांनी पाठ केलाच की. गरज होती म्हणून केला. हाही करा.

बाईच्या पिशवीच्या आतून एक अस्तर असतं. ते दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून जातं. या आजारात त्याच जातीचं अस्तर पिशवीच्या बाहेर उगवतं. बीजांडावर, नळ्यांवर, ओटीपोटाच्या पडद्यावर, कधी आतड्यावर, कधी लघवीच्या पिशवीवर. तेही महिन्याला सुजतं, रक्त सोडतं. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नाही. ते आतच साचतं, जखम होते, जखमेचा व्रण होतो, व्रणानं एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. मग पाळीत दुखतं, पाळी नसतानाही दुखतं, संडासला बसताना दुखतं, नवऱ्याजवळ गेल्यावर दुखतं. किती दुखतं? मी दोन बाळंतपणं केली. पहिल्या बाळंतपणात कळा यायला लागल्या तेव्हा मी नर्सला म्हणाले, "या तर माझ्या ओळखीच्या आहेत."

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पाळीच्या वयातल्या दर शंभर बायांमागं सुमारे दहांना हा आजार आहे. जगात जवळपास 19 कोटी. तुमच्या वस्तीत दोनशे उंबरे असतील तर हिशेब करा. तुमच्या सभेला सतरंजीवर ज्या बाया बसतात, त्यात मोजा.

मला दुखायला लागलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आजाराचं नाव कळलं तेव्हा तेहतीस. मधली एकोणीस वर्षं कुठं गेली ते सांगते.

पहिला डॉक्टर म्हणाला, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं. दुसरा म्हणाला, एक मूल होऊ द्या, सगळं मोकळं होईल. दोन झाली. लग्नानं आणि बाळंतपणानं हा आजार बरा होत नाही, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे औषध म्हणून मला आधी नवरा दिला, मग लेकरं दिली. तिसऱ्यानं सोनोग्राफी केली, त्यात काही दिसलं नाही, तर म्हणाला, मनाचं आहे, योगा करा. सोनोग्राफीत काही दिसलं नाही म्हणून आजार नाही असं ठरत नाही. पडद्यावरचे बारीक डाग तिच्यात सापडत नाहीत. हे त्याला ठाऊक नव्हतं, की माझ्यासाठी आठवायची गरज वाटली नाही, कोण जाणे.

चौथ्याकडं गेले ती एका मोठ्या सरकारी दवाखान्यात. त्यानं केसपेपरवर आडनाव वाचलं. मग विचारलं, राहता कुठं. वस्तीचं नाव सांगितलं. त्यानं मान हलवली. म्हणाला, "इन्फेक्शन आहे. तुमच्यातल्या बाया स्वच्छता ठेवत नाहीत. नवरा बाहेर जातो का? तुम्ही?" पोटाला हात न लावता त्यानं इन्फेक्शन ओळखलं. मी एम.ए. आहे, नेट पास आहे. त्या टेबलासमोर मी फक्त एक आडनाव होते.

आता एक गोष्ट ऐका. 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथरचं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून. तिथल्या काळ्या बायांचं काय चाललं होतं? गोऱ्या डॉक्टरांच्या पुस्तकात लिहिलेलं होतं की एंडोमेट्रिऑसिस हा सुखवस्तू, गोऱ्या, शिकलेल्या, उशिरा लग्न करणाऱ्या बायांचा आजार. काळी बाई पोट धरून आली की तिला सांगायचे, ओटीपोटात इन्फेक्शन झालंय. म्हणजे तुझ्या वागण्यातच खोट आहे. 1976 साली चॅटमन नावाच्या डॉक्टरनं असा शिक्का बसलेल्या काळ्या बायांची पोटं दुर्बिणीतून पाहिली. दर पाचांतल्या एकीच्या आसपास बायांना खरं तर एंडोमेट्रिऑसिस होता. पुस्तकानं ज्यांना हा आजार होतच नाही म्हणून सांगितलं, त्यांच्या पोटात तो मुकाट बसला होता.

शिकागो काय आणि मराठवाडा काय. दुखणं तेच आणि शिक्काही तोच. आपण काळ्यांचं नाव घेतलं, त्यांच्या कविता वाचल्या, त्यांची मूठ पोस्टरवर काढली. काळ्या बाईचं पोट मात्र आपल्या अंकात कधी आलं नाही.

शेवटी एका डॉक्टरबाईनं मला पंचवीस मिनिटं बोलू दिलं. मध्ये तोडलं नाही. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, डाग जाळले, डाव्या बीजांडावरची जुन्या रक्ताची गाठ काढली. तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याला ती कधी झाली नसणार. आता हार्मोनची गोळी चालू आहे. महिन्याच्या पाकिटाला माझ्या तीन तासिकांचे पैसे जातात. पुन्हा उगवणार नाही याची हमी कुणी देत नाही, आणि माझं पुन्हा उगवलंय.

तासिका म्हणजे काय ते तरुण वाचकांना सांगायला नको. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. अठ्ठेचाळीस मिनिटं उभं राहिलं तर पैसे. नाही राहिलं तर नाहीत. दुखण्याची रजा नाही, कुठलीच नाही. माझी माय याला खाडा म्हणते. "किती खाडं झालं ह्या महिन्यात?" असं फोनवर विचारते. तिचा शब्द उसाच्या फडातला आहे.

माय आणि बाप एक कोयता. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन खाली सांगली-कोल्हापूरकडं जायचे. कोपीत राहायचे. मी आजीजवळ गावात, कधी त्यांच्याबरोबर फडात. पहाटे तीनला माय उठायची. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायची. पाळी असली तरी तेच. संडास नाही, न्हाणी नाही, पॅड तर बघितलंही नाही. फडक्यावर फडकं. एका दिवसाचा खाडा केला की मुकादम दंड लिहून ठेवायचा. मजुरी गेली ती गेलीच, वर दंड. बत्तिसाव्या वर्षी तिच्या ओटीपोटात दुखायला लागलं. एका खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. माय घाबरली. उचलीतूनच ऑपरेशनचे पैसे घेतले. पिशवी गेली, त्याबरोबर बीजांडंही गेली. आज तिची हाडं नव्वदीच्या म्हातारीची आहेत. दुखणं गेलं का? नाही. कमरेला पट्टा बांधून बसते.

मायला नक्की काय झालं होतं ते आता कुणालाच कळणार नाही. तिचे कागदच नाहीत. पण तिच्यासारख्या किती ते मोजलं गेलंय. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या 13,861 बायांची पिशवी काढलेली निघाली. तेरा हजार आठशे एकसष्ट. तेवढ्या पिशव्या कुठल्या उकिरड्यावर गेल्या? दुखणाऱ्या बाईला आधी कुणी ऐकत नाही, आणि ऐकलं की एकदम चाकू काढतात. मधलं काही नाही. मधलं म्हणजे तपासणी, औषध, विश्रांती. ते वरच्यांसाठी. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सांगितलं की नको असलेली पिशवीची ऑपरेशनं रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. मी आमच्या गावातल्या अकरा बायांना विचारलं. एकीलाही हे माहीत नव्हतं. आणि एंडोमेट्रिऑसिसमध्ये पिशवी काढली की दुखणं जाईलच असंही नाही, कारण डाग पिशवीच्या बाहेर असतात. हे ऑपरेशनच्या कागदावर अंगठा घेताना किती जणींना सांगितलं जातं?

आता घरात या.

माझी दोन लेकरं. पोरगी अकराची, पोरगा सहाचा. वाईट दिवस येणार हे मला आदल्या रात्री कळतं, पायाच्या शिरा ओढायला लागतात. मग मी भाजी जास्तीची करते, पीठ मळून ठेवते, दप्तरं भरते, गोळ्या आणि बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवते. रिकाम्या पोटी गोळी घेतली की पोट जळतं. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून टॉवेल गुंडाळते. सकाळी उठवत नाही. पोरगा अंगावर उडी मारायला येतो, पोरगी त्याला मागं ओढते. "मम्मीचा आज तसला दिवस हाय." मग दोघं कुजबुजत बोलतात. लेकरांचं कुजबुजणं ऐकत मी भिंतीकडं तोंड करून पडते. दुखण्याहून ते जास्त लागतं. लेकरानं स्वतःच्या घरात चोरासारखं वावरायचं, आणि ते माझ्यामुळं.

एकदा पोरानं मला विचारलं, "मम्मी, मी तुझ्या पोटात होतो तेव्हा लाथा मारल्या म्हणून दुखतं का?" शेजारच्या म्हातारीनं चेष्टेत काहीतरी म्हटलं होतं, ते त्यानं मनात धरलं होतं. किती दिवस धरलं होतं कोण जाणे. मी त्याला जवळ घेऊन सांगितलं, "मम्मीच्या पोटात एक जखम आहे. ती महिन्याला ओली होते. ती तू केली नाहीस. तू बरी करायचीही नाहीस. ते डॉक्टरचं काम आहे. तुझं काम शाळेत जायचं." त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, "मग पप्पाचं काय काम?"

सहा वर्षांच्या पोराला जो प्रश्न पडतो तो आपल्या चळवळीला पन्नास वर्षांत पडला नाही.

पप्पाचं काम सांगते. माझा नवरा तुमच्यातलाच आहे. दारू पीत नाही, हात उगारत नाही, पगार घरात देतो. रोहित वेमुलासाठी रस्त्यावर उतरला होता, भीमा कोरेगावला दगड खाल्ले. मी पडले की तो विचारतो, "चहा कुणी करायचा?" आणि पोरगी उठते. त्याला माहीत नाही की पोरगी उठते तेव्हा तिची शाळेची गाडी चुकते. मागच्या वर्षी तिचे एकोणीस दिवस बुडाले. त्यातले चौदा माझ्या दुखण्याच्या तारखांशी जुळतात. मी वहीत लिहून ठेवलंय. 'शिका' हा शब्द आमच्या दारावर रंगवलेला आहे. त्याच दाराच्या आत माझ्या पोरीचे चौदा दिवस चुलीत गेले.

मी खाडा करत नाही, कारण आईपणात खाडा नसतो. केला तर दंड पोरीला बसतो. मुकादम कोण ते तुम्ही ओळखा.

हे मी एका बैठकीत बोलले. उत्तरं तीन आली. एक म्हणाला, ताई, हा घरातला प्रश्न आहे. दुसरा म्हणाला, हा मध्यमवर्गी बायांचा विषय आहे, आपल्यापुढं अत्याचार आहेत, खासगीकरण आहे. तिसरा म्हणाला, रमाईनं काय कमी सोसलं?

तिसऱ्यापासून घेते. रमाईनं सोसलं. चार लेकरं गमावली, शेण थापलं, 27 मे 1935 ला गेली. पण तिनं ते हौसेनं सोसलं का? गरिबीनं आणि जातीनं तिच्यावर लादलं. तिच्या लेकरांना वेळेवर औषध मिळालं असतं, तिला विश्रांती मिळाली असती, तर ती छोटी झाली असती का? तिच्या दुःखाचं कारण खोदून काढायचं सोडून आपण त्या दुःखाचा हार केला आणि प्रत्येक बाईच्या गळ्यात घालत सुटलो. देव्हाऱ्यातले देव आपण 1956 साली फेकले. रिकाम्या जागी सोशिक आई बसवली. तिलाही नैवेद्य लागतो. तो आमच्या पोटातून जातो.

आता घरातला प्रश्न. 28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेब उभे राहिले ते कशासाठी? कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाची सवलत देणाऱ्या बिलाच्या बाजूनं बोलायला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि त्याचा भार सरकारनंही उचलावा असं सांगितलं. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. 1938 च्या नोव्हेंबरात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षानं विधानसभेत आणला. ठराव पडला. पण बाईच्या पिशवीचा प्रश्न त्यांनी सभागृहाच्या टेबलावर ठेवला. जो प्रश्न बाबासाहेबांना कायदेमंडळात न्यायला लाज वाटली नाही, तो तुम्हाला बैठकीत 'घरातला' वाटतो?

आणि त्यांच्या स्वतःच्या दुखण्याचं काय? मधुमेह होता. पायाच्या शिरा दुखायच्या, रात्र रात्र झोप नसायची. त्यांनी ते नशीब मानलं नाही. डॉक्टर गाठले, औषधं घेतली, पथ्य सांभाळलं. दुःख आहे हे मान्य करायचं आणि ते दूर करायचं, हा धम्माचा पाया त्यांनी आपल्याला दिला. 'गिळायचं' असं त्यात कुठं लिहिलंय? गिळणं हे कर्मवाल्यांचं तत्त्वज्ञान. मागच्या जन्मीचं पाप म्हणून गिळा. आपण 'पाप' हा शब्द काढला आणि 'त्याग' हा घातला. गिळायची बाईलाच.

आणि मध्यमवर्गी विषय म्हणणाऱ्या भावाला एकच विचारते. मनुस्मृती तू जाळतोस, वाचलीस का? पाचव्या अध्यायात शिवाशिवीचा श्लोक आहे. कुणाला शिवलं की आंघोळ करायची त्याची यादी त्यात दिलीय. यादीत चांडाळ आहे. त्याच्याच शेजारी पाळी आलेली बाई आहे. मग पतित, बाळंतीण आणि प्रेत. एकाच ओळीत तू आणि मी, दादा. मनूला जे कळलं ते तुला कळलं नाही. शिवाशिवीची मुळी एकच आहे हे त्याला ठाऊक होतं.

25 डिसेंबर 1927 ला महाडात बाबासाहेबांनी ती पोथी अख्खी जाळली. अर्धा श्लोक आपण राखेतून उचलून घरी आणला. चांडाळाचा अर्धा जळाला म्हणून दरवर्षी आपण पेढे वाटतो. पाळीच्या बाईचा अर्धा अजून आपल्या मोरीत, आपल्या माजघरात, आपल्या गप्प बसण्यात आहे. 1927 हेच ते साल. त्याच वर्षी तिकडं अमेरिकेत सॅम्पसन नावाच्या डॉक्टरनं पाळीचं रक्त उलटं आत जातं आणि त्यातून हा आजार होतो, असा सिद्धांत मांडला. तो पुरा नाही म्हणतात, अजून शोध चालू आहे. पण त्यानं कारण शोधलं. शंभर वर्षं होत आली. आपण अजून 'बाईच्या जातीला असतंच' म्हणतोय. हे वाक्य माझी माय मला म्हणाली, तिला तिची माय. जातीला असतंच! हेच वाक्य आपल्या बापजाद्यांना पाटलानं ऐकवलं होतं.

मग करायचं काय?

शाखेची बैठक असेल तिथं लेकरं सांभाळायला दोन पुरुष बसतील. बाया नव्हे, पुरुष. भाषण करायची पाळी त्यांची नसेल त्या दिवशी त्यांनी हे करायचं. वस्तीतली कुणी बाई पोटदुखीनं दवाखान्यात जाईल तर तिच्याबरोबर एक शिकलेली पोरगी आणि एक वही जाईल. वहीत पाळीच्या तारखा, कुठं दुखतं, किती दुखतं, काय गोळी घेतली. वही टेबलावर ठेवली की डॉक्टरला आडनावाच्या पुढं वाचावं लागतं, हा माझा अनुभव आहे. पिशवी काढा म्हणणाऱ्याला तिथंच होकार द्यायचा नाही. दुसऱ्या डॉक्टरला विचारायचं, बीजांडं ठेवणार की काढणार ते विचारायचं, कागद मागायचे. अभ्यासवर्गात पोरीबरोबर पोरांनाही पाळी शिकवायची. आणि रजेची मागणी करायची. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायांना 1992 पासून महिन्याला दोन दिवसांची रजा आहे. ती पगारी नोकरीपुरती आहे. आपली मागणी फडातल्या बाईपासून सुरू होईल. पाळीच्या दिवसाचा खाडा लिहायचा नाही, दंड लावायचा नाही. मुकादमाच्या वहीपर्यंत आपला मोर्चा गेला पाहिजे.

आमच्या गल्लीत आम्ही तिघींनी सुरुवात केलीय. एक धुणीभांडी करते, एक पालिकेत कंत्राटी झाडूवाली, एक मी. जिचा वाईट दिवस त्या दिवशी तिची लेकरं दुसरीच्या घरी जेवतात आणि तिथूनच शाळेत जातात. पाळीपाळीनं चालतं. माझी पोरगी दिवाळीपासून एकदाही माझ्यासाठी घरी राहिलेली नाही. नवरा आता कुकर लावतो. तीन शिट्ट्यांना भात होतो हे त्याला वयाच्या एक्केचाळीसाव्या वर्षी कळलं. त्याला मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

एवढं सगळं करूनही माझं एक चुकलं. ते सांगते आणि थांबते.

जयंतीनंतर दोन महिन्यांनी माझ्या पोरीला पहिली पाळी आली. मला कळलं ते तिसऱ्या दिवशी, चादर धुताना. रात्री ती गुडघे पोटाशी घेऊन, उशीचा कोपरा दातात धरून पडली होती. आवाज नाही. मी म्हणाले, "अगं, दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?" ती माझ्याकडं बघून हसली. शाबासकी मागावी तशी हसली. म्हणाली, "मम्मी, मी गिळलं."

तिला त्या रात्रीच्या टाळ्या आठवत होत्या. तिनंही वाजवल्या होत्या.

मी तिला उठवून बसवलं. बाटली गरम केली. वही काढली, नवीन पान उघडलं, वर तिचं नाव लिहिलं. तिला म्हणाले, "लिही. तारीख लिही. कुठं दुखतंय ते लिही. आणि आता ओरड. सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे."

ती आधी लाजली. मग ओरडली. बापानं कुकर सोडला आणि धावत आला.

भावांनो, पुढच्या सभेत मला बोलवा. मला दुखत असेल तर मी बसून बोलेन. फारच दुखत असेल तर येणार नाही आणि त्याचं कारण स्टेजवरून वाचून दाखवा, आजाराच्या नावासकट. टाळ्या वाजवू नका. खुर्ची आणा.

जय भीम.